विल्यम्सबर्ग : ज्याचा कागद सापडला, त्याची इमारत

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्याच्या पूर्व टोकाला कॅपिटॉल, म्हणजे वसाहतकाळातले विधिमंडळ, उभे आहे. लाल विटांच्या दोन लांबट इमारती, त्यांची एका बाजूची टोके अर्धगोल, दोन्हींना जोडणारी कमानींची ओसरी आणि वर घुमटी. १७६५ च्या मे महिन्यात पॅट्रिक हेन्री या विधिमंडळ सदस्याने स्टॅम्प ॲक्टविरुद्ध, म्हणजे इंग्लंडने वसाहतींतल्या कागदपत्रांवर बसवलेल्या कराविरुद्ध, केलेले भाषण इथे आलेल्या प्रत्येकाला आठवते. जागा तीच आहे, इमारत मात्र ती नाही. आणि हेन्री ज्या इमारतीत बोलला तिची ही प्रतिकृतीसुद्धा नाही. ही प्रतिकृती आहे १७४७ मध्ये जळून गेलेल्या पहिल्या कॅपिटॉलची. ती आग लागली तेव्हा हेन्री दहा वर्षांचा होता.

म्हणजे गावाला ज्या भाषणांनी आणि ठरावांनी नाव मिळवून दिले, ते जिथे झाले ती इमारत सोडून तिच्या आधीची इमारत पुन्हा बांधली गेली. ही काही चूक नव्हती, विचार करून घेतलेला निर्णय होता. तो का घेतला गेला, हे शोधत गेलो की या प्रकरणाची सगळी गोम हाती लागते.

एकाच धंद्यावरचे गाव

व्हर्जिनियाची पहिली राजधानी जेम्सटाउन. १६०७ मध्ये वसलेले हे ठिकाण नदीकाठच्या दलदलीत होते. पाणी मचूळ, डास भरपूर. १६७६ च्या बंडात गाव जाळले गेले, पुन्हा उभे राहिले, आणि १६९८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले सभागृह आणखी एकदा जळाले. या वेळी मात्र गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सनने जागाच बदलायची असे ठरवले. त्याला याचा सराव होता. आधी मेरिलँडचा गव्हर्नर असताना त्याने तिथली राजधानी सेंट मेरीज सिटीतून ॲनापोलिसला हलवली होती.

नवी जागा होती मिडल प्लँटेशन. जेम्स आणि यॉर्क या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरची वस्ती. १६९३ मध्ये सनद मिळालेले विल्यम अँड मेरी कॉलेज तिथे होतेच. १ मे १६९९ रोजी या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी विधिमंडळाच्या सदस्यांपुढे भाषणे करून राजधानी आमच्याकडे आणा म्हणून गळ घातली. जूनमध्ये कायदा झाला आणि राजा तिसरा विल्यम याच्या नावाने विल्यम्सबर्ग जन्माला आले.

निकल्सनची आखणी सोपी आणि नाट्यपूर्ण होती. पश्चिमेला कॉलेज, पूर्वेला कॅपिटॉल, मध्ये सुमारे मैलभर लांब आणि ९९ फूट रुंद सरळसोट रस्ता. गादीच्या बालवारसाचे नाव देऊन तो ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट झाला. बिचारा वारस पुढच्याच वर्षी वारला. आज कॉलेजची पोरे आद्याक्षरे जोडून त्याला सरळ ‘डॉग स्ट्रीट’ म्हणतात. समांतर जाणाऱ्या दोन रस्त्यांना निकल्सनने स्वतःचीच नावे दिली, एक फ्रान्सिस आणि एक निकल्सन. रॉबर्ट बेव्हर्ली या व्हर्जिनियातल्याच इतिहासकाराने १७०५ मध्ये लिहून ठेवले आहे की राजाराणीच्या नावांतली डब्ल्यू आणि एम ही अक्षरे रस्त्यांनी काढायचाही निकल्सनचा बेत होता. तो बारगळला, हे बरेच झाले.

पहिले कॅपिटॉल १७०५ मध्ये पूर्ण झाले. जेम्सटाउनच्या आगींनी पोळलेल्या मंडळींनी त्यात धुराडीच ठेवली नाहीत. आत विस्तव नाही, मेणबत्ती नाही आणि तंबाखू ओढणेही नाही. सगळी वसाहत तंबाखूवर जगत होती, तिच्या विधिमंडळात तंबाखूला बंदी! पण ओलीने दप्तर खराब होऊ लागले आणि १७२३ मध्ये शेवटी धुराडी बांधावी लागली. जानेवारी १७४७ मध्ये इमारत जळाली. दप्तर बहुतेक वाचले. त्याच जोत्यावर १७५३ पर्यंत दुसरे कॅपिटॉल उभे राहिले, पुढच्या बाजूला दुमजली खांबांची देवडी असलेले. हेन्रीचे भाषण, १५ मे १७७६ चा स्वातंत्र्याचा ठराव, जूनमधला जॉर्ज मेसनचा हक्कांचा जाहीरनामा, हे सगळे या दुसऱ्या इमारतीतले.

या गावाला बंदर नव्हते, कारखाना नव्हता. त्याचा धंदा एकच, राज्यकारभार. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालये भरत तेव्हा गावची वस्ती दुपटीवर जाई. खानावळवाले, टोप विणणारे, सुतार, सोनार, १७३६ पासून ‘व्हर्जिनिया गॅझेट’ छापणारा छापखाना, सगळे त्या गर्दीवर पोसलेले. त्यामुळे १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली तेव्हा गावाचा पोटापाण्याचा आधारच गेला. रिचमंड नदीने बरेच आत होते, इंग्रजांच्या आरमारापासून दूर, आणि पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्तीला सोयीचे. युद्धाच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर होता. विल्यम्सबर्गची राजधानी म्हणून कारकीर्द जेमतेम ८१ वर्षांची.

पुढच्याच वर्षी शेजारच्या यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला आणि त्याच्याच अमदानीत, १७९० मध्ये, टिपूविरुद्ध पेशव्यांशी पुण्याचा तह झाला.) यॉर्कटाउनचे जखमी सैनिक ठेवायला विल्यम्सबर्गमधला रिकामा गव्हर्नर्स पॅलेस वापरात आला आणि २२ डिसेंबर १७८१ च्या रात्री तोही जळाला. कॅपिटॉलचा उरलेला भाग १८३२ मध्ये गेला, रॅले टॅव्हर्न ही प्रसिद्ध खानावळ १८५९ मध्ये. आगीने या गावाचा पिच्छा कधी सोडलाच नाही.

बाकीचे गाव मात्र पाडायलाही कुणाला गरज पडली नाही म्हणून उरले. १७१५ चे अष्टकोनी दारूगोळ्याचे कोठार कधी बाजार झाले, कधी प्रार्थनाघर, कधी नृत्यशाळा, कधी तबेला. १८८१ मध्ये यॉर्कटाउनच्या शताब्दीसाठी आगगाडीचे तात्पुरते रूळ चक्क मुख्य रस्त्यावरून टाकले गेले. विसाव्या शतकात त्याच रस्त्यावर पेट्रोल पंप आले, विजेचे खांब आले. जळालेल्या पॅलेसच्या जागेवर शाळा होती.

डेव्हिडचे वडील

विल्यम्सबर्गमधल्या ब्रुटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी आपले चर्च १९०७ पर्यंत जुन्या रूपात आणून दाखवले होते. मग ते न्यूयॉर्क राज्यात गेले आणि १९२३ मध्ये कॉलेजात शिकवायला आणि कॉलेजसाठी निधी जमवायला परत आले. आता त्यांना चर्चपुरते नव्हे, सगळे गाव मागे न्यायचे होते. मोटारींनी जुनी गावे बिघडवली, तेव्हा भरपाई मोटारवाल्यांनी करावी, अशा अर्थाचा युक्तिवाद करत त्यांनी फोर्ड घराण्याला गाठायचा प्रयत्न केला. फोर्डांनी दाद दिली नाही. तेलवाल्या रॉकफेलरांनी दिली.

धाकटे जॉन डी. रॉकफेलर १९२६ मध्ये दोनदा गावात येऊन गेले. गुडविननी त्यांना पायी फिरवले. डिसेंबरमध्ये तार आली. तुमच्या लांब पत्रात उल्लेख केलेली पुरातन वस्तू ‘आठ’ला घ्यायला हरकत नाही, अशा मजकुराची. खाली सही ‘डेव्हिडचे वडील’. पुरातन वस्तू म्हणजे लडवेल-पॅरडाइज नावाचे विटांचे घर, आठ म्हणजे आठ हजार डॉलर, आणि डेव्हिड हा रॉकफेलरांचा धाकटा मुलगा. तारघरातल्या माणसालाही कळू नये म्हणून ही सांकेतिक भाषा. खरे नाव फुटले असते तर भाव कुठल्या कुठे गेले असते. तरीही ते चढलेच. धर्मगुरू एकामागून एक घर रोखीने घेतोय म्हटल्यावर गाव तर्क लढवणारच.

जून १९२८ मध्ये गावाची सभा भरली. सार्वजनिक मोकळ्या जागा, मैदाने या योजनेला द्यायच्या का, हा प्रश्न होता. तिथे रॉकफेलरांचे नाव पहिल्यांदा उघड झाले आणि आनंदीआनंद झाला. निवृत्त लष्करी अधिकारी मेजर फ्रीमन मात्र उठले. पैसे मिळतील, पण गाव आपले राहील का, असे त्यांनी विचारले. काचेच्या पेटीत टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखी आपली गत होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधात मते पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला मात्र त्या सभेतला सर्वांत दूरदर्शी माणूस हाच वाटतो. घरे विकलेल्या अनेकांना हयातीपर्यंत त्याच घरात राहायची मुभा मिळाली. म्हणजे स्वतःच्याच घरात भाडेकरू, आणि बाहेर तिकीट काढून आलेले लोक खिडकीतून डोकावतायत.

कागद आणि फावडे

बोस्टनच्या पेरी, शॉ अँड हेपबर्न या वास्तुविशारदांकडे काम गेले. मूळ इमारती दुरुस्त करणे त्या मानाने सोपे होते, त्या डोळ्यांसमोर होत्या. अडचण होती नामशेष झालेल्यांची. इथे तीन कागदांनी सगळा खेळ बदलला.

पहिला म्हणजे १७८२ मधला, ‘फ्रेंचमनचा नकाशा’ म्हणून ओळखला जाणारा. बहुधा अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सैन्याच्या मुक्कामाची सोय लावायला कुणा अधिकाऱ्याने तो काढला असावा. त्यात गावातले जवळजवळ प्रत्येक घर लहानशा चौकोनाने दाखवले आहे. दुसरा कागद थॉमस जेफरसनचा. पॅलेसमध्ये राहणाऱ्या शेवटच्या गव्हर्नरांपैकी तो एक. त्याला घरे मोजायची आणि मनातल्या मनात सुधारायची खोड होती, म्हणून त्याने खोल्यांची मापे टाकून पॅलेसचा आराखडा काढून ठेवला होता. तिसरा खरे तर कागद नव्हताच, तो तांब्याचा पत्रा होता. आपल्याकडचा दानाचा ताम्रपट नव्हे, चित्रे छापायला कोरलेला पत्रा. १९२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात मेरी गुडविन या संशोधिकेच्या नजरेस तो पडला. साधारण १७४० चा. त्यावर कॉलेज, पॅलेस आणि कॅपिटॉल समोरून दिसतात तसे कोरलेले होते, छपरांचे उतार, खिडक्यांची संख्या, घुमट्या यांच्यासकट.

पॅलेसच्या जागेवर खणायला घेतले आणि तळघर मिळाले. भिंती जेफरसनच्या मापांना जुळत होत्या. बागेत खणताना १५६ पुरुष आणि २ स्त्रिया यांचे सांगाडे निघाले. इस्पितळात दगावलेल्या सैनिकांचे ते दफन असावे. पॅलेस आणि कॅपिटॉल १९३४ मध्ये खुले झाले. अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः आले.

आता सुरुवातीचा प्रश्न, पहिलेच कॅपिटॉल का बांधले? १७४० चा पत्रा जे कॅपिटॉल दाखवतो ते अर्थातच पहिले. शिवाय १६९९ च्या कायद्यात त्या इमारतीची लांबीरुंदी, प्रत्येक बाजू ७५ फूट बाय २५ फूट, कलमवार लिहून ठेवलेली. दुसऱ्या कॅपिटॉलचे असे भरवशाचे चित्र हाती नव्हते. वास्तुविशारदांनी, ज्याची हमी देता येईल ते बांधू, असा निर्णय घेतला. व्यावसायिक प्रामाणिकपणाच्या दृष्टीने मला तो पटतो. गंमत अशी की हमी असूनही ते चुकले. सममितीच्या शिस्तीत शिकलेल्या त्या मंडळींनी पायातल्या काही खुणा आपल्या चौकटीत बसवून वाचल्या, असे नंतरच्या वास्तुइतिहासकारांनी दाखवून दिले. इतिहास बेढब असतो, आराखड्याच्या कागदावर मात्र त्याला नीटनेटके व्हावे लागते.

अशा चुका पुढे दुरुस्तही होत राहिल्या, हे हा प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या पदरात टाकायला हवे. सुरुवातीला पॅलेस भपकेदार सामानाने सजवला होता. गव्हर्नर बोटेटॉर्ट १७७० मध्ये वारला तेव्हाची त्याच्या सामानाची यादी होती, सोळा हजारांहून अधिक वस्तूंची. १९८१ मध्ये ती पुढ्यात ठेवून खोल्या नव्याने लावल्या. रंगांचेही तसेच. फिकट, सोज्वळ ‘वसाहती’ रंग कित्येक वर्षे दुकानांतून खपले. पुढे रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि मूळ रंग बरेच भडक निघाले. वसाहतीच्या विधिमंडळाचा सभापती पेटन रँडॉल्फ याचे घर आता गडद लाल दिसते.

वीटभट्टीवर तर हात, किंबहुना पाय, घालून बघता येते. मोठ्या खड्ड्यात चिखल भिजवलेला असतो आणि पर्यटकांनी बूट काढून तो तुडवायचा असतो. मग लाकडी साच्यातून विटा पाडतात, वाळवतात आणि भट्टी रचून लाकडावर भाजतात. जाळाजवळच्या विटांच्या तोंडावर निळसर काचेसारखी झिलई येते. गवंडी या विटा मुद्दाम निवडून एका विटेची लांब बाजू, दुसरीचे झिलईचे तोंड अशा आलटून पालटून रचतात, त्यातून भिंतीवर चौकडी उमटते. चुना कालवांच्या शिंपल्या जाळून करतात. कोकणात शिंपल्यांचा चुना पाहिलेल्याला यात परके काही वाटणार नाही.

उचलून टाकलेले गाव

या सगळ्याची एक बाजू लोकांना दिसत नाही, कारण ती आता तिथे नाहीच. अठराव्या शतकातल्या ८८ मूळ इमारती दुरुस्त झाल्या, शेकडो नव्याने बांधल्या. त्यासाठी १७९० नंतरच्या सातशेच्या वर इमारती पाडल्या किंवा हलवल्या. रॉकफेलरांनी आयुष्यभरात सहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम यात ओतली, त्यातला काही वाटा पुसून टाकण्यात गेला. एकोणिसावे शतक या गावाला नव्हतेच, असा भास त्यातून तयार झाला. काही जण मात्र बधले नाहीत. चर्चजवळ १८५८ चे विटांचे एक घर मालकांनी विकायला नकार दिला म्हणून आजही ठाण मांडून आहे. कॅपिटॉलशेजारचे १८९० चे लाकडी घर १९९५ मध्ये हलवले आणि त्याखालच्या पायावर २००९ मध्ये चार्लटनचे कॉफीहाउस उठले. १७६५ मध्ये स्टॅम्प विकायला आलेल्या अधिकाऱ्याला संतप्त जमावाने इथेच घेरले होते.

ज्यांचे चित्र कुणी कोरले नाही

क्रांतीच्या सुमारास विल्यम्सबर्गची वस्ती दोन हजारांच्या आसपास होती आणि त्यातले निम्मे लोक काळे, बहुतेक सगळे गुलाम. त्या तांब्याच्या पत्र्यावर ते नाहीत. नकाशातल्या चौकोनांत त्यांची स्वयंपाकघरे आणि तबेले आहेत, पण तीही मालकांच्या नावावर. म्हणून पहिली जवळजवळ पन्नास वर्षे जे गाव दाखवले गेले त्यात विटा पाडणारा, चूल पेटवणारा, पाणी भरणारा माणूस दिसतच नव्हता. १९७९ मध्ये काही काळ्या कलाकारांनी गुलामांच्या भूमिका करायला सुरुवात केली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला तेव्हा नागरी हक्क संघटनांनी जागेवर येऊन निषेध केला. काही निषेधकांचे मत प्रयोग पाहून बदलले, पण तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

नॅसॉ स्ट्रीटवरची गोष्ट तर या प्रकरणाचा गाभाच. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च ही काळ्या लोकांची ख्रिस्ती प्रार्थनामंडळी १७७६ पासूनची मानली जाते. सुरुवातीच्या उपदेशकांपैकी गोवन पॅम्फ्लेट हा किंग्ज आर्म्स खानावळीच्या मालकिणीचा गुलाम होता. ती खानावळ आज दिमाखात चालते. मंडळीची १८५६ ची विटांची इमारत मात्र १९५५ मध्ये पाडली गेली, कारण ती ‘उशिराची’ होती. १९६५ मध्ये तिथे गाड्या लावायला डांबर घातले. २०२० मध्ये, मंडळीच्या वंशजांनी लावून धरल्यावर, डांबर काढून खणायला सुरुवात झाली. खाली १६ फूट बाय २० फुटांच्या पहिल्या प्रार्थनाघराचा पाया निघाला, १८१७ चे एक नाणे निघाले आणि साठहून अधिक कबरी. तीन अवशेषांची तपासणी झाली ती मंडळीला विचारून, आणि त्यांचे आफ्रिकी मूळ सिद्ध झाले.

त्याच सुमारास कॉलेजच्या आवारातल्या एका साध्या पांढऱ्या घराच्या तुळया तपासल्या गेल्या. लाकडावरच्या वर्तुळांवरून झाडे १७५९-६० च्या हिवाळ्यात तोडल्याचे निघाले, आणि ही काळ्या मुलांची ब्रे शाळा, असे एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने कित्येक वर्षे जे म्हणून ठेवले होते ते खरे ठरले. लंडनच्या एका धर्मादाय संस्थेची ही शाळा १७६० ते १७७४ चालली, गाव सुचवले होते बेंजामिन फ्रँकलिनने. ॲन वेजर या बाई मुलांना वाचायला शिकवत. उद्देश मुक्तीचा नव्हता, धर्म आणि आज्ञाधारकपणा शिकवण्याचा होता. शाळेच्या जुन्या जागेवर पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे सापडले आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत ती इमारत चाकांवर घालून रस्त्याने आणली आणि जुन्या गावात ठेवली.

शाळेच्या पटाच्या तीन याद्या उरल्या आहेत, १७६२, १७६५ आणि १७६९ च्या. त्यांत आयझॅक बी नावाचा मुलगा आहे. त्याच्याविषयीचा पुढचा कागद १७७४ मधला, ‘व्हर्जिनिया गॅझेट’मधली पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात. मालकाने तीत लिहिले आहे की बाप स्वतंत्र माणूस होता म्हणून याला आपणही स्वतंत्र आहोत असे वाटते. आणि पुढे सावध केले आहे, त्याला वाचता येते, लिहिता येते की नाही ठाऊक नाही, पण खोटा परवाना कुणाकडून तरी सहज लिहून घेईल.